टेपमधले दादा

सोमवारी सकाळी सात वाजता मास्तरांनी शिकवणीच्या गाडीचं दार उघडलं, सीटवर बसता बसता सवयीने हात पुढे केला आणि टेपचं बटण दाबलं. बटण नव्हतं. टेपही नव्हता. त्या जागी पाटीएवढा एक काळा, गुळगुळीत पडदा होता. बोट लागताच तो उजळला आणि त्यावर अक्षरं आली : 'पंचवीस वर्षांबद्दल अभिनंदन, बाबा!' अक्षरांमागून रंगीत फुगे वर गेले.

"कसा आहे?" लेकीने पायरीवरून विचारलं. तिच्या हातात चहाचा कप होता आणि चेहऱ्यावर अजून न मिळालेल्या शाबासकीचा आनंद होता.

"माझा टेप कुठाय?"

"बाबा, हा टेपचा बाप आहे. नकाशा, फोन, मागचा कॅमेरा, सगळं यात."

"चिमे, माझा टेप कुठाय?"

"रेडिओवाल्याकडे. काल तुम्ही झोपलात तेव्हा गाडी नेली होती. तो म्हणाला, असला टेप आता संग्रहालयातसुद्धा घेत नाहीत."

मास्तर शांतपणे गाडीतून उतरले, परत बसले आणि पुन्हा त्याच जागी बोट दाबलं. फुगे पुन्हा वर गेले.

मास्तरांची गाडी शिकवण्याची शाळा पंचवीस वर्षं चालली होती आणि या काळात गाड्या तीन झाल्या होत्या. टेप मात्र एकच. जुनी गाडी विकताना मास्तर आधी टेप काढून घेत, मग किल्ली देत. टेपमध्ये कॅसेटही एकच होती. परगावच्या मावसभावाने ती भरून दिली होती आणि मावसभाऊ आळशी असल्यामुळे दोन्ही बाजूंना एकच गाणं दहा-दहा वेळा भरलं होतं. गाणं रॅपच्या सुवर्णकाळातलं. कुणा जुन्या रेकॉर्डवरचा पेटीचा तुकडा कापून गोल गोल फिरवलेला, त्याखाली ढोलकाचा ठाम ठोका आणि त्यावर एक भारदस्त, जाड आवाज. शेवटच्या बसची गोष्ट सांगणारा. गाणाऱ्याचं नाव कॅसेटवर नव्हतं. मास्तर त्याला 'दादा' म्हणत.

पहिल्याच वर्षी मास्तरांच्या लक्षात आलं होतं, की दादांच्या ठोक्यावर क्लच सुटतो. धम म्हटलं की क्लच दाबायचा, टक म्हटलं की गिअर. पुढच्या दोन धममध्ये क्लच अर्धा सोडायचा, टकला पूर्ण. चढावर उभी गाडी पुढे काढायची असेल तर दादांची ती ओळ यायची वाट बघायची :

थांब्यावर कोणी नाही, तरी गाडी थांबते,
आरशात मागे बघते आणि हळूच पुढे निघते.

'निघते'च्या 'ते'वर हँडब्रेक सोडायचा. मागे यायची गाडीची छाती नव्हती. पंचवीस वर्षांत मास्तरांचे नव्वद टक्के शिष्य पहिल्या फटक्याला पास झाले होते. परीक्षेच्या मैदानावरचे मोठे साहेबही टेप चालू ठेवू देत. इतकंच काय, आठाचा आकडा काढताना खिडकीवर बोटांनी ताल धरत.

त्यामुळे रॅप या विषयावर घरात मास्तरांचा शब्द अखेरचा होता. निदान त्यांना तसं वाटत होतं.

"रॅप म्हणजे गोष्ट," ते जेवताना सांगत. "सुरुवात, मध्य, शेवट. शब्द कसा, नाण्यासारखा खणखणीत. ठोका कसा, घड्याळासारखा. नाहीतर तुमचं. माणूस तोंडात दात घासायचा ब्रश धरून बोलतो."

"त्याला भाव म्हणतात, बाबा. तो दमलाय, आणि दमलोय हे खरं सांगतोय. तुमच्या काळातले सगळे सदा न कदा ताठ."

"दादा ताठ नाहीत. दादा जबाबदार आहेत."

"तुम्ही त्या काळातलं दुसरं एकतरी गाणं ऐकलंय का? तुमचा सुवर्णकाळ म्हणजे एक गाणं, गुणिले वीस."

"एक सूर्य पुरतो," मास्तर म्हणत.

आई या वादात पडत नसे. ती वाढता वाढता "तुमचे दादा, बरं का" एवढंच म्हणे आणि ओठ मिटून घेई. मास्तरांना ते कौतुक वाटे.

लेकीचं सध्याचं आवडतं गाणं तर मास्तरांनी कधी पुरतं ऐकलंच नव्हतं. तिचा ढोलाएवढा स्पीकर वरच्या खोलीत सुरू झाला, की खाली कपाटातल्या बशा बोलू लागत. मास्तर जिना चढून जात आणि चार सेकंदांत बटण बंद करत. "धम धम दोन गल्ल्या ओलांडून जातंय. आणि मागे तो कोण विहिरीच्या तळाशी बसून बडबडतोय?" हे त्यांचं परीक्षण. पाचवा सेकंद त्यांनी कधी उजाडू दिला नव्हता.

तर आता फुगे मावळले होते आणि मास्तर पडद्याकडे बघत होते.

"अहो, तुमचं गाणं आहे यात," लेक शेजारच्या सीटवर येऊन बसली. "मी शोधून ठेवलंय. शेवटची बस, थांबा, आरसा, एवढे शब्द टाकले आणि सापडलं. ऐका."

ढोलक वाजला. मास्तरांचा डावा पाय आपोआप हलला आणि अर्ध्यातच अडखळला. ठोका पुढे पळत होता. मग आवाज आला. चपळ, तिखट आणि निःसंशय बाईचा.

"ही कोण?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचे दादा."

"चिमे, सकाळच्या वेळी चेष्टा नको."

"बाबा, शब्द ऐका ना. थांब्यावर कोणी नाही..."

"शब्द तेच आहेत. बाईने दादांचं गाणं घेतलंय. घाईघाईत म्हणतेय. चोराला घाई असतेच."

"हे मूळ आहे! हा बघा फोटो. टोपी घातलेली बाई. हे गाणं निघालं त्या वर्षाची तारीख पण आहे खाली."

मास्तरांनी फोटो पाहिला. बाई हसत होती. मास्तरांना ते हसणं त्यांच्यावरच आहे असं वाटलं.

आठ वाजता रेडिओवाल्याने दुकान उघडलं तेव्हा बाप-लेक दोघे दारात उभे होते. रेडिओवाला चाळीस वर्षं यंत्रांच्या पोटात हात घालत आला होता आणि माणसांशीही त्याच अंदाजाने बोलत असे. त्याने कॅसेट आपल्या चांगल्या मशिनात घातली. तीच चपळ बाई बोलू लागली.

"बघा," लेक म्हणाली.

"हे मशिन जोरात पळतंय," मास्तर म्हणाले.

"मास्तर, हे मशिन बरोबर पळतंय. तुमच्या टेपचा पट्टा ढिला होता. आज नाही, पहिल्यापासून. काल उघडल्यावरच कळलं. असा पट्टा असला की टेप रमतगमत फिरतो आणि आवाज जाड होतो. तुम्ही पंचवीस वर्षं बाईला पेंगवून ऐकलंत."

मास्तरांनी कॅसेट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "बरं, ढिल्या पट्ट्यासकट माझा टेप परत द्या. मला ढिलाच हवाय."

रेडिओवाल्याने कान खाजवला. "त्याची मोटर मी पट्ट्यासकट काढली. नातवाच्या खेळण्यातल्या आगगाडीत घातली. तरीच म्हटलं, गाडी स्टेशनात यायला एवढा वेळ का लावते."

दादांच्या असण्यानसण्याचा प्रश्न मास्तरांनी कदाचित हळूहळू पचवला असता. पण दहा वाजता सिस्टर येणार होत्या.

सिस्टर म्हणजे पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्स, वय एकावन्न. सत्तावीस वर्षं त्यांनी एका बिनखिडकीच्या खोलीत लोकांच्या जखमा बांधण्यात काढली होती. पुढच्या एक तारखेपासून दवाखाना घरी पडून असलेल्या रुग्णांसाठी एक छोटी गाडी सुरू करत होता. गाडी चालवणारी नर्स हवी होती. सिस्टरांनी सगळ्यात आधी हात वर केला होता आणि मग त्यांना आठवलं होतं, की आपल्याला गाडी येत नाही. दुसऱ्या एका शाळेतून त्या दोनदा नापास झाल्या. तिथल्या शिक्षकाने सांगितलं, तुमच्या पायांची आणि डोक्याची ओळखच झालेली नाही. मास्तरांनी ती ओळख दादांकरवी करून दिली होती. आता परीक्षा शुक्रवारी होती. शुक्रवारी परवाना मिळाला नाही तर गाडी दुसऱ्या नर्सला जाणार आणि सिस्टर परत बिनखिडकीच्या खोलीत.

"मास्तर, मी कालपासून झोपले नाही," सिस्टरांनी पट्टा लावत सांगितलं. "लावा दादांना."

मास्तरांनी नाइलाजाने बाईला लावलं.

गाडी सुरू झाली ती शेळी दाव्यावरून सुटावी तशी. ठोका पुढे होता, सिस्टरांचा पाय त्याला गाठायला धावत होता आणि गाडी या दोघांच्या भांडणात सापडली होती. तीन उड्या मारून ती बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा तीन उड्या. चौथ्या वेळी रस्त्याकडेचं रिकामं पिंप आडवं झालं.

"मास्तर, आज दादांना काय झालंय? आवाज का असा?"

"सर्दी," मास्तर म्हणाले. मागच्या सीटवर लेकीने तोंडावर रुमाल धरला.

लेकीने मग फोनवर गाण्याचा वेग कमी केला. फोनमध्ये एकपट होतं आणि पाऊणपट होतं, अधेमधे काही नव्हतं. पाऊणपटीने बाई जांभया देत गाऊ लागली. सिस्टर क्लच दाबून 'निघते'च्या 'ते'ची वाट बघत राहिल्या आणि 'ते' येईपर्यंत गाडी चढावरून मागे उतरून सपाटीला लागली. मागून येणारा सायकलवाला सायकल खांद्यावर घेऊन फुटपाथवर चढला, तिथून त्याने मास्तरांच्या शाळेचं नाव मोठ्याने वाचलं. त्यापुढे तो जे बोलला ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

"गाणंच नको," मास्तरांनी जाहीर केलं. "ठोका मनात असतो."

मंगळवारी गाणं लावलं नाही. सिस्टरांच्या मनात ठोका नव्हता. पण कान इतके तयार झाले होते, की जो ठोका बाहेरून येईल तो त्या घेत. एका घराचं छप्पर बसवणं चाललं होतं. सुताराने खिळा ठोकायला घेतला आणि पहिल्या ठोक्याला सिस्टरांनी क्लच दाबला, दुसऱ्याला गिअर टाकला. सुतार हाताचा चांगला होता. चार खिळ्यांत गाडी चौथ्या गिअरमध्ये होती. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला तेव्हा समोरच्या भिंतीवरची 'येथे गाडी उभी करू नये' ही सूचना त्यांना चष्म्याशिवाय वाचता आली.

"सुताराला सांगा ना थांबायला," सिस्टर रडवेल्या झाल्या.

"शुक्रवारी मी कुणाकुणाला सांगू?"

बुधवारी मास्तर स्वतः गायले. दादांच्या आवाजात, छातीतून. पहिली दहा मिनिटं उत्तम गेली. पण गाण्यात मास्तरांचा जीव गुंतलेला. बस रिकाम्या रस्त्याला लागते त्या जागी ते भरून येत आणि वेग आपोआप वाढे. वेग वाढला की सिस्टरही गाडी पळवत. त्या घाबरल्या की मास्तर ओरडत आणि ओरडणंही तालात असल्यामुळे सिस्टर त्यावर गिअर बदलत. पाऊण तासाने मास्तरांचा घसा बसला. संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांचा आवाज इतका जाड झाला होता, की तेच थोडेफार दादांसारखे वाटत होते.

आईने गरम पाणी दिलं. "किती जीव टाकाल त्या दादांसाठी," ती म्हणाली आणि ओठ मिटून आत गेली.

लेक समोर बसली. सोमवारपासून तिची भूक मेली होती. "बाबा, सॉरी. मला वाटलं तुम्हाला आवडेल. सिस्टर नापास झाल्या तर माझ्यामुळे."

मास्तरांनी हाताने नको म्हटलं. मग कागदावर लिहिलं : 'कॅमेरा चांगला आहे.' ते लिहून झाल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

गुरुवारी मास्तरांच्या घशातून हवेशिवाय काही येईना. लेकीकडेही शिकवायचा परवाना होता. गेल्या वर्षीच तिने तो काढला होता, पण मास्तर तिला अजून फक्त वळणं शिकवू देत. त्या दिवशी ती सिस्टरांच्या शेजारी बसली आणि मास्तर मागे, मफलर गुंडाळून, आपल्याच गाडीत पाहुण्यासारखे.

"सिस्टर, आज सावकाश घेऊ. गाणं नाही, काही नाही," लेक म्हणाली आणि तिने गाडी चालू केली.

नव्या यंत्रांना एक खोड असते. ती मालकाला ओळखतात. लेकीच्या खिशातला फोन आणि गाडीचा पडदा यांची न विचारता गाठ पडली आणि तिचं आवडतं गाणं, ते चार सेकंदांचं, पूर्ण आवाजात सुरू झालं. दारं थरथरली. मागच्या काचेवरचा 'शिकाऊ' हा कागद फडफडला.

"अरे देवा, थांबा, बंद करते..."

पण तोवर सिस्टरांनी क्लच दाबला होता. टकला गिअर पडला. पुढच्या दोन धममध्ये क्लच अर्धा सुटला. लोण्यातून सुरी निघावी तशी गाडी रस्त्याला लागली.

लेकीचं बोट पडद्यावर तसंच राहिलं. पाचवा सेकंद गेला, सहावा गेला. तोंडात ब्रश धरलेला तो माणूस आपलं दमलेपण सांगू लागला आणि त्याच्या मागे, विहिरीच्या तळाशी, कुणीतरी बोलत होतं. जाड, भारदस्त आवाजात.

मागच्या सीटवरून मास्तरांनी मफलर सोडला. ते पुढे वाकले, दोन सीटच्या मधून डोकं घातलं आणि कालपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"दादा!"

"काय?"

"दादा आहेत. खाली. ऐक. तरी गाडी थांबते."

लेकीने ऐकलं. हे गाणं तिने दोनशे वेळा ऐकलं असेल, पण विहिरीतल्या माणसाकडे तिचंही कधी लक्ष गेलं नव्हतं. तिने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. सिस्टरांनी ती तालात घेतली. मग फोनवर गाण्याची माहिती काढून लेक वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज चढत गेला.

"बाबा, यांनी तुमच्या बाईंचं गाणं घेतलंय! तुकडा कापलाय, हळू केलाय आणि खाली फिरवत ठेवलाय. बाईंचं नावही दिलंय."

"चोरी," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"चोरी कशी? तुम्हीच सांगता ना जेवताना, तुमच्या काळातले लोक जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापून त्यावर नवं रचायचे म्हणून? तुमच्या दादांची ती पेटी कुठून आली? दादांच्या घरून?"

यावर मास्तरांकडे उत्तर होतं, पण घसा नव्हता.

"मला एवढंच सांगा," सिस्टर मध्ये पडल्या, "उद्या हे लावायचं की नाही? कारण माझा पाय म्हणतोय, लावा."

त्या दिवशी सिस्टरांनी अकरा वेळा चढ काढला. अकराही वेळा 'निघते'च्या 'ते'वर. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा नवं रॅप सलग अकरा वेळा ऐकलं आणि सातव्या वेळी त्यांना कळलं, की ब्रशवाला माणूस आपल्या आईबद्दल बोलतोय. त्याची आई शेवटच्या बसने कामावरून यायची आणि तो थांब्यावर वाट बघायचा. मास्तरांनी हे कुणाला सांगितलं नाही. फक्त मफलर पुन्हा गुंडाळून घेतला.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मैदानावर पोचल्यावर कळलं, की मोठे साहेब गेल्या आठवड्यात निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक तरुण साहेब होते. त्यांच्या हातात कागदाची पाटी होती, शर्टाला दोन पेनं होती आणि दोन्हींना टोपणं होती. सिस्टर बसल्या, साहेब शेजारी बसले आणि त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"हे बंद करा."

"साहेब, हळू आवाजात असतं ते," खिडकीशी उभे मास्तर पुटपुटले.

"परीक्षेत गाणं नाही. नियम आहे. काचा वर घ्या."

काच वर गेली. काचेआड सिस्टरांचा चेहरा पांढरा होत गेलेला मास्तरांना दिसला. पंचवीस वर्षांत आपण कुणालाही गाडी शिकवली नाही, फक्त गाण्यावर पाय हलवायला शिकवलं, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला.

त्यांनी शेजारी पाहिलं. लेक नव्हती. ती कुंपणापलीकडे रस्त्यावर पोचली होती. तिथे तिची स्कूटर उभी होती आणि स्कूटरवर तो ढोलाएवढा स्पीकर होता. तिने बापाकडे पाहिलं. दोन गल्ल्या ओलांडून जाणाऱ्या आवाजाबद्दल मास्तर तिला तीन वर्षं रागावत आले होते. आज त्यांनी मान हलवली. हलकीशी, पण स्पष्ट.

धम.

जुन्या टेपचा आवाज गाडीच्या काचेबाहेर कधी गेला नसता. हा आवाज काचेतून, पत्र्यातून, सीटच्या स्प्रिंगांतून आत गेला. शब्द पोचले नसतील, पण ठोका पोचला. सिस्टरांचे खांदे खाली आले. टक. गाडी निघाली.

"बाहेर काय चाललंय?" असं साहेब विचारताना त्यांच्या ओठांवरून दिसलं. सिस्टरांनी समोर बघतच मान हलवली, म्हणजे मला काय माहीत. आठाचा आकडा असा निघाला, की पाटीवर पेन ठेवायला साहेबांना जागा सापडेना. मग गाडी चढाला लागली, मध्यावर थांबली, हँडब्रेक ओढला गेला. आता फक्त ती ओळ यायची होती.

आणि गाणं थांबलं.

मैदानावर चिमणीचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता पसरली. लेकीने फोन वर धरला आणि स्पीकरमधून, मैदानभर, आईचा आवाज आला :

"अगं, झाली का परीक्षा? आणि येताना कांदे आणा. बाबांना सांग, मागच्या वेळसारखे मोड आलेले नकोत."

"आई, ठेव! ठेव फोन!"

"का गं? काय झालं? कुणाला लागलं का?"

मास्तरांनी डोळे मिटले. चढावर उभी गाडी किती वेळ उभी राहू शकते, हे साहेबांच्या नियमात लिहिलेलं असणार. त्यांनी मनात मोजायला सुरुवात केली आणि पाचव्या आकड्यावर त्यांना इंजिनाचा आवाज आला. ओढलेला नाही, घाबरलेला नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा गाडी चढाच्या माथ्यावर पोचत होती. एक बोटही मागे न येता.

खाली आल्यावर साहेब उतरले. त्यांनी कागदावर सही केली, टोपण लावलं आणि मास्तरांना बाजूला बोलावलं.

"पास आहेत. पण एक विचारू? चढावर या बाई पुरुषी आवाजात काहीतरी पुटपुटत होत्या. थांब्यावर कोणी नाही वगैरे. तब्येत ठीक आहे ना?"

"नर्स आहेत त्या," मास्तर म्हणाले. "तब्येतीचं त्या बघतील."

सिस्टर गाडीतून उतरल्या, कागद दोनदा वाचला आणि मग हातात तोंड लपवून रडल्या. लेकीने त्यांना मिठी मारली. "आमचं गाणं बंद पडलं तेव्हा वाटलं, संपलं," ती म्हणाली.

"मलाही वाटलं," सिस्टर म्हणाल्या. "मग लक्षात आलं, दादा माझ्याकडेच आहेत. म्हटलं, चला, आपणच बोलू."

त्यावर बाप आणि लेक एकदमच म्हणाले, "बघ!" आणि दोघांनीही ते आपल्याच बाजूने म्हटलं होतं.

दुपारी घरी जेवताना सगळी हकीगत आईला सांगण्यात आली. फोन नेमका कुठे आला, हेही सांगण्यात आलं. कांदे राहिले होते, पण आईने ते मनावर घेतलं नाही. मास्तरांचा घसा आता बराच सुटला होता आणि मनही. जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःहून लेकीला म्हटलं, "चिमे, त्या बाईंचं लाव जरा. मूळ वेगात."

गाणं लागलं. बाई चपळ होती, शब्द सुऱ्यांसारखे येत होते आणि मास्तर मान डोलवू लागले. आता घाई वाटत नव्हती. बस वेळेवर चालली आहे असं वाटत होतं.

स्वयंपाकघरातून आई हात पुसत आली, दारात उभी राहिली आणि गाण्याबरोबर बोलू लागली. एक शब्द न चुकता, एक श्वास न चुकता, त्याच वेगात. दुसरं कडवं आलं. ते मास्तरांच्या कॅसेटवर कधी नव्हतंच, कारण मावसभावाने दर वेळी बटण लवकर दाबलं होतं. आईला तेही येत होतं.

गाणं संपलं तेव्हा बाप-लेक दोघे तिच्याकडे बघत होते.

"कॉलेजात होते तेव्हा हे रोज वाजायचं," आई म्हणाली. "आम्ही पाचजणी जिन्यात बसून म्हणायचो. या बाई आमच्या लाडक्या."

"म्हणजे तुला माहीत होतं?" मास्तरांनी विचारलं. "दादा बाई आहेत, टेप हळू फिरतोय, सगळं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग पंचवीस वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की. शाळा काढली त्याच आठवड्यात, पहिल्यांदा गाडीत बसवलंत तेव्हा. म्हटलं, अहो, ही तर बाई आहे, आणि टेप रेंगाळतोय."

"मग मी काय म्हणालो?"

आईने लेकीच्या हातातून फोन घेतला आणि गाणं पुन्हा सुरुवातीला नेलं.

"म्हणालात, जरा गप्प बस, दादा बोलतायत."